चकलीची पेटी: ऊब आणि ओल यांच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

चकली घरी आली. बॉल पायथन, मादी, वय चारच्या आसपास, वजन सव्वा किलो. आधीचा मालक नोकरीसाठी परदेशी चाललाय. त्याने सोबत दिलेलं सामान असं: तीन फुटी माशांची काचेची टाकी, तिच्यावर जाळीचं झाकण, शंभर वॅटचा सिरॅमिक हीटर, लपायला दोन खोकी, पाण्याचं भांडं आणि काचेला आतून चिकटवलेलं काट्याचं गोल आर्द्रतामापक.

कागदांचं आधी लिहून ठेवतो, कारण घरात साप आहे म्हटल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून त्याच कायद्याची २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. नोंदणी आणि हस्तांतर दोन्ही झालंय, प्रिंट फाइलला लावलीय.

आता काम. गाठायचे आकडे: गरम बाजूला, जिथे तिचं अंग टेकतं त्या पृष्ठभागावर, ३१ ते ३३ अंश. थंड बाजूला २५ ते २७. रात्री २४ पर्यंत उतरलं तरी बिघडत नाही. तिचं अंग पोचेल अशा कुठल्याही जागी ३५ च्या वर नाही. आर्द्रता ५५ ते ७० टक्के, कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त.

रानात हा साप दिवसाचा वेळ उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात काढतो. वर माळ रखरखीत असला तरी बिळात हवा ओलसर आणि शांत. म्हणजे मला बीळ बांधायचंय, आणि तेही पुण्यात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. जानेवारीतली पहाट, एप्रिलमधली दुपार आणि जुलैतली ओल या तिन्हींतून ते तरलं पाहिजे.

३ डिसेंबर

मिठाची चाचणी. जी मापकं वापरायची ती खरं बोलतात का, हे आधी बघितलेलं बरं.

बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेतलं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं केलं. मीठ पूर्ण विरघळून चालत नाही, खडे दिसत राहिले पाहिजेत. झाकण आणि सगळी मापकं एका घट्ट डब्यात घालून डबा रात्रभर कपाटात ठेवला. अशा मिठाच्या वरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, खोली थोडी गार किंवा गरम असली तरी हा आकडा फारसा हलत नाही.

सकाळी काट्याचं मापक ५४ दाखवत होतं, छोटं डिजिटल ७१, आणि मी तपकीर गल्लीतून आणलेला एसएचटी३१ सेन्सर ७६. डिजिटलवर मार्करने ‘+४’ लिहिलं. काट्याचं कचऱ्यात.

८ डिसेंबर

नवी पेटी होईपर्यंत चकली जुन्या टाकीतच आहे, त्यामुळे ती टाकी कशी वागते ते मोजून घेतलं. खोली सकाळी १८ अंश, आर्द्रता ५०. टाकीत गरम बाजूला ३१ अंश आणि आर्द्रता २६ टक्के. पाणी फवारलं की आकडा ७० वर उडी मारतो आणि वीसेक मिनिटांत पुन्हा तिशीत येतो. आधीचा मालक दिवसातून तीनदा फवारायचा म्हणे. त्याच्या चिकाटीला दाद द्यायला हवी, पण टाकीचं स्वरूपच असं आहे की फवाऱ्याने काही साधणार नाही.

हिशेब असा. हवा जेवढी गरम तेवढी तिची पाणी धरायची ताकद जास्त. आर्द्रतेचा टक्का म्हणजे त्या ताकदीपैकी किती वापरात आहे ते. खोलीतली १८ अंशांची, ५० टक्क्यांची हवा आत आली आणि ३१ अंशांवर तापली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण टक्का २३ वर येतो. म्हणजे हीटर कुठेही पाणी ‘शोषत’ नाही. टक्काच बदलतो. टाकीत २६ दिसतात ते बरोबर आहेत, जाळीतून सतत खोलीची हवा येते आणि तापते.

मग पाणी किती कमी पडतंय? मनात योजलेली पेटी चार बाय दोन बाय दोन फुटांची, म्हणजे साधारण साडेचारशे लिटर हवा. सरासरी २८ अंशांना ६० टक्के गाठायचे तर एवढ्या हवेत साडेसात ग्रॅम पाणी लागतं. खोलीतून येणारी तेवढीच हवा साडेतीन ग्रॅम स्वतःच घेऊन येते. तूट चार ग्रॅमची. चहाचा एक चमचाही नाही!

म्हणजे प्रश्न हवेत पाणी किती घालता हा नाहीच, पेटीतली हवा तासात किती वेळा बदलते हा आहे. तासाला दोनदा बदलली तर तूट भरायला दिवसाला दोनशे मिलीच्या आत पाणी पुरेल, आणि तेवढं खालच्या ओल्या थरातून आपोआप उडेल. जाळीच्या झाकणातून ती कितीतरी अधिक वेळा बदलते, म्हणून तिथे कुणीही कितीही फवारलं तरी व्यर्थ.

यावरून ठरलं: झाकण बंद, हवेला ठरावीक भोकं, ओल जमिनीतून. फवारा नाही. फॉगरही नाही. त्याच्या टाकीत साचलेलं शिळं पाणी धुक्याच्या रूपाने सापाच्या फुप्फुसात पाठवायची मला काही हौस नाही.

२२ डिसेंबर

पेटी तयार झाली. मॉड्यूलर किचनची कपाटं करणाऱ्याकडून १८ मिलिमीटरचा पीव्हीसी फोम बोर्ड कापून घेतला. प्लायवूडपेक्षा महाग, पण ओलीने फुगत नाही आणि ऊब धरून ठेवतो. सांधे आतून सिलिकॉनने भरले. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन मुद्दाम टाळलं, साधं घेतलं. वास पूर्ण जाईपर्यंत पेटी गॅलरीत उघडी पडून राहील.

समोर दुकानांच्या शोकेसला असते तशी सरकती काच, तिला शोकेसचंच कुलूप. सापाला कुलूप कशाला, असं काच बसवणाऱ्याने विचारलं. बॉल पायथन लाजाळू असतो, पण रात्रभर नाकाने काच ढकलत बसण्याइतका वेळ त्याच्याकडे असतो.

हवेची भोकं: थंड बाजूला खाली दोन, गरम बाजूला वर दोन, कपाटांना लावतात त्या गोल जाळ्या. गरम हवा वरून निघते, गार हवा खालून येते. वरच्या जाळ्यांवर फिरणारी चकती आहे, ती कमी-जास्त करता येते. सगळ्या पेटीत माझ्या हातात खरं नियंत्रण असेल तर ते या चकत्यांचं.

हीटरबाबत एक काळजी: फोम बोर्ड साठ-सत्तर अंशांपासून मऊ पडायला लागतो आणि सिरॅमिक हीटर स्वतः दोनशेच्या वर जातो. म्हणून होल्डर छताला न चिकटवता लोखंडी पट्टीवर खाली घेतला, वर हवा खेळायला जागा ठेवून अॅल्युमिनियमचा पत्रा लावला. होल्डर चिनी मातीचा, आट्यांचा. बेकेलाइटचा इथे टिकणार नाही. हीटरभोवती जाळीचा पिंजरा. साप चटका बसला तरी लगेच बाजूला होत नाही, उबेला चिकटून राहतो आणि भाजून घेतो. त्यामुळे पिंजऱ्याशिवाय हीटर पेटीत घालायचाच नाही.

४ जानेवारी २०२५

वायरिंग. एसटीसी-१००० हा स्वस्त थर्मोस्टॅट घेतला, अंडी उबवणारे आणि फ्रिज दुरुस्त करणारे वापरतात तोच. एकात दोन रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, असतात: एक तापवायचा, एक गार करायचा. एफ१ मध्ये तापमान ३१.५, एफ२ मध्ये फरक १. म्हणजे ३०.५ ला हीटर लागतो, ३१.५ ला बंद होतो. ३२.५ ला दुसरा रिले पंखा लावतो. पंखा म्हणजे जुन्या कंप्युटरमधला, वरच्या एका जाळीमागे बसवलेला.

या थर्मोस्टॅटवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. रिलेचे संपर्क कधीतरी चिकटतात, आणि ते चिकटले की हीटर चालूच राहतो. त्यासाठी हीटरच्या वायरीत एकापाठी एक दुसरा कट-ऑफ घातला: केएसडी३०१, ४५ अंशांचा. बटणाएवढा असतो, तापला की आतली पत्री उलटते आणि वीज तुटते. हीटरजवळच्या भिंतीवर, रोज जिथे ३८ च्या आसपास असतं अशा जागी स्क्रूने बसवला. पंधरा-वीस रुपयांची वस्तू.

दुसरी भीती प्रोबची, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरीच्या तापमान मोजणाऱ्या टोकाची. सापाने तो ओढून पाण्याच्या भांड्यात टाकला, तर थर्मोस्टॅटला वाटणार गार आहे आणि तो हीटर पेटवत बसणार. म्हणून प्रोब वायरिंगच्या सॅडलने भिंतीला ठोकला, जमिनीपासून चार बोटं वर, जिथे तिची पाठ येईल. चिकटपट्टी पेटीत कुठेही वापरायची नाही. खवल्यांना चिकटली तर काढताना कातडी सोलवटते.

पेटीची लाइन ईएलसीबीवर, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर, घेतली. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालून वळवून वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खालीच ठिबकेल.

११ जानेवारी

रिकामी पेटी आठवडाभर चालवून बघतोय. तळाला दहा सेंटिमीटर थर: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटांत मिळतो) आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, निम्मे निम्मे. कोकोपीट आधी धुऊन घेतलं, कारण काही विटांत मीठ फार असतं. पाणी वरून न शिंपडता कोपऱ्यांत ओतलं. खालचा अर्धा थर ओला, वरचा कोरडा. तळहात दाबून उचलला तर हाताला तुकडे चिकटावेत, पाणी लागू नये. वरचा थर ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांना फोड येतात, मग मुळातच कमी आर्द्रता बरी म्हणायची वेळ येते.

हीटरखाली शहाबादी फरशीचा तुकडा. फरशी हळू तापते आणि हळू निवते, त्यामुळे रिलेची चालू-बंद वर जाणवत नाही. तापमानाच्या बंदुकीने फरशीवर ३२.४. (हीच बंदूक अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर धरली तर २६ दाखवते. चकचकीत धातूवर तिचं वाचन खोटं असतं, आजूबाजूच्या भिंतींची उष्णता परावर्तित होऊन येते.)

पहाटे खोली १६.५ असताना थंड बाजू २३ वर आली. थोडी कमी. पेटीच्या मागच्या आणि डाव्या भिंतीला बाहेरून थर्माकोल चिकटवला, दुसऱ्या पहाटे २४.५. आर्द्रता थंड बाजूला ६६, गरम बाजूला ५२, वरच्या चकत्या पाव उघड्या. एकही फवारा न मारता.

१४ जानेवारी, संक्रांत

चकली नव्या पेटीत. तासभर जीभ लपलपवत सगळ्या भिंती तपासल्या, मग गरम बाजूच्या खोक्यात जाऊन वेटोळं. आईने पेटीवर हलवा ठेवला. ‘गोड बोल म्हणावं तिला, फुसफुस करू नको.’

खाणं आठवडाभर नाही. जागा बदलल्यावर लगेच दिलं तर खात नाहीत, आणि खाल्लंच तर ऊब नीट नसल्यास उलटी होते. पचन सगळं बाहेरच्या उबेवर चालतं.

२३ जानेवारी, गुरुवार

दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते दुपारी दोन वीज बंद. आयती चाचणी. गरम बाजू ३१.५ वरून चार तासांत २६ वर, खोली २१. थर आणि फरशी मिळून बरीच ऊब धरतात. इनव्हर्टरवर घ्यायचं का यावर विचार केला आणि नको ठरवलं. निरोगी साप अर्धा दिवस २४-२५ अंशांत आरामात काढतो, त्याच्या रानातल्या रात्रीही एकसारख्या नसतात. वीज रात्रीची आणि जास्त वेळ गेली तर पेटीवर आईची गोधडी, खालच्या जाळ्या मोकळ्या ठेवून.

९ फेब्रुवारी

गेल्या रविवारी तिचे डोळे दुधाळ निळसर झाले होते, पोट गुलाबी. बुधवारी डोळे पुन्हा स्वच्छ. आज सकाळी कात.

या काळात केलेलं काम एवढंच: थंड बाजूच्या कोपऱ्यात अर्धा लिटर पाणी, आणि एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. ती दोन दिवस त्या डब्यातच होती.

कात एका तुकड्यात मिळाली, मोज्यासारखी उलटी. पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाने बघितली. डोक्याच्या भागावर दोन्ही डोळ्यांच्या जागी गोल पारदर्शक टोप्या शाबूत. मला हेच बघायचं होतं. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर खवल्याचा पारदर्शक पडदा असतो आणि तोही कातीबरोबर जावा लागतो. हवा कोरडी असली की टोपी डोळ्यावरच राहते, पुढच्या कातीला तिच्यावर दुसरी चढते. अशी अडकलेली टोपी चिमट्याने ओढायची नाही, ते डॉक्टरांचं काम. शेपटीचं टोकही तपासलं. तिथे कातीचं कडं अडकलं तर रक्त थांबून टोक वाळतं. ठीक आहे.

ओठांच्या वरच्या कडेला खड्ड्यांची ओळ असते, उष्णता जाणणारी. कातीवर तीही उमटलीय, मण्यांच्या रांगेसारखी. थर्मोस्टॅट बनवणाऱ्यांनी हेवा करावा असं काम.

३० मार्च, पाडवा

हवा बदलली. दुपारी खोली ३३, आर्द्रता २५. हीटर दिवसा लागतच नाही, फक्त पहाटे. इथून पुढे प्रश्न उलटा: पेटी गार कशी ठेवायची. बाजारात सापांसाठी तापवायची साधनं ढीगभर मिळतात, गार करायचं एकही नाही. गार देशांतल्या लोकांनी गार देशांसाठी केलेला धंदा आहे हा.

आपल्याकडे मात्र माठ आहे.

कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून पसरट, जाड बुडाचा लाल माठ आणला. तोंड सापाला मोठं होतं म्हणून माठ पालथा घातला आणि कडेला ग्राइंडरने सात सेंटिमीटरचं अर्धगोल दार कापलं. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडावी लागते, नाहीतर तडा जातो. कडा काचकागदाने घासून बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत केली. आईने बजावलं, ‘अरे, नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर मातीचा वास जायचा नाही.’ बुडवला. भिजला की रंग विटकरीचा काळपट होतो आणि पृष्ठभागावर घामासारखे बारीक थेंब येतात.

तो थंड बाजूला ठेवला. पालथ्या बुडावर, म्हणजे आता वर आलेल्या भागावर, खळगा आहे. रोज सकाळी त्यात वाटीभर पाणी ओतायचं. ते दिवसभर माती पिते, मग ते झिरपतं आणि उडतं. उडताना ऊब घेऊन जातं. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं, त्यामुळे बाहेर जितकं रखरखीत तितका माठ गार. इथे उष्णता आणि आर्द्रता दोन्ही एकाच वस्तूने जागेवर येतात.

८ एप्रिल

शहरात पारा चाळिशीच्या पुढे. दुपारी चार वाजता, खोलीच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे आणि कूलर चालू असताना: खोली ३१, पेटीची थंड बाजू ३०, माठाच्या आत २६.८ आणि ७४ टक्के. मुद्दाम कूलर तासभर बंद करून बघितलं: खोली ३४.५, पेटी ३२.६, माठात २८.२. पुन्हा कूलर लावला. माठ एकटा पुरा पडणार नाही, पण कूलर बंद पडला तर काही तास निभावून नेईल.

एसीचा विचार सगळे सुचवतात. एसी हवेत पाणी घालत नाही, झालं तर काढूनच घेतो, आणि ती तूट मला पेटीत भरावी लागते. पुण्याच्या एप्रिलला कूलर बरा. मुंबईत, जिथे हवा मुळातच दमट, तिथे हे गणित उलटं.

थर्मोस्टॅटच्या पंख्याची गंमत: ३२.५ ला तो लागतो आणि दुपारी खोलीतली आणखी गरम हवा आत ओढतो. पेटी गार व्हायच्या ऐवजी तापते. पंखा रिलेवरून काढून टायमरवर टाकला, संध्याकाळी सात ते रात्री अकरा. तेव्हा बाहेरची हवा खरोखर गार असते.

चकली दिवसभर माठात, रात्री बाहेर. पाण्याच्या भांड्यात बसत नाहीये, हे महत्त्वाचं. साप तासन्‌तास पाण्यात बसायला लागला तर त्याला एक तर फार उकडतंय, नाहीतर हवा कोरडी आहे, नाहीतर अंगावर गोचिडीसारख्या बारीक किडी झाल्यात. तिन्ही वेळा आधी आकडे बघायचे आणि मग भांड्याच्या तळाशी काळे ठिपके आहेत का ते.

२७ एप्रिल

विशेष काही नाही. माठाच्या बुडावर पांढरे क्षार जमलेत, व्हिनेगरने घासले, धुतले, उन्हात वाळवून परत ठेवला. उंदीर खाल्ला.

२६ मे

पाऊस आला. नुसता वळीव नव्हे, मोसमी वारेच पोचले, नेहमीच्या तारखेच्या जवळपास दोन आठवडे आधी. मे जवळजवळ सगळाच ओला गेला. उन्हाळ्याची मांडणी जूनपर्यंत चालेल असं धरलं होतं, ती आजच मोडली. खोली २६, आर्द्रता ८५. माठ काढला. या हवेत तो सुकत नाही, नुसता ओला राहतो आणि आतून बुरशी धरतो. त्याच्या जागी फोम बोर्डाचं खोकं. कोपऱ्यांत पाणी ओतणं बंद.

८ जून

थंड बाजूला ८८ टक्के. कोकोपीटवर पाण्याच्या भांड्याजवळ पांढऱ्या बुरशीचा रुपयाएवढा ठिपका. तेवढा भाग आजूबाजूच्या थरासकट काढून टाकला. बुरशीपेक्षा मला धास्ती आहे ती गार आणि दमट यांच्या जोडीची. दमट आणि उबदार हवा हा साप सहन करतो, कोरडी आणि गारही काही दिवस काढतो. गार आणि दमट एकत्र आलं की छातीचं दुखणं सुरू होतं: श्वासाला शिट्टी, तोंडाच्या कडेला बुडबुडे, मान वर धरून उघड्या तोंडाने श्वास.

सगळे सांगतात, पंखा लावा, हवा खेळती ठेवा. पण पंखा हवा आणणार कुठून? खोलीतूनच, आणि खोलीतली हवा स्वतःच ८५ ते ९० टक्क्यांची. पंख्याने पेटी खोलीइतकी कोरडी होऊ शकते, त्याहून कोरडी नाही. आत ओल खोलीपेक्षा जास्त असेल तोवर त्याचा उपयोग. माझा खालचा थर अजून ओला आहे, म्हणून काही दिवस पंखा दिवसभर चालवून थर वाळवणार. त्यापुढे तो निरुपयोगी.

उपाय डिसेंबरच्याच हिशेबात आहे. खोली २५ अंश, ८८ टक्के. हीच हवा २६ वर तापली की ८३, २८ वर ७४, आणि ३१ वर ६२. हिवाळ्यात नडणारी गोष्ट पावसाळ्यात कामाला येते. गरम बाजू आपोआप ठीक आहे, कोरडं करायचंय ते थंड बाजूला, म्हणजे तिला दोन अंश चढवायचं. थंड बाजूच्या मागच्या भिंतीला बाहेरून बारा वॅटची हीट मॅट लावली, वेगळ्या छोट्या थर्मोस्टॅटवर, २७.५ ला.

कपाटात टांगतात ते ओल शोषणारे डबे पेटीत ठेवा असंही कुणी सुचवलं. ज्या पेटीत तासाला हवा बदलते तिथे ते दोन दिवसांत पाण्याने भरतील, आणि त्यातलं खारं पाणी सांडलं तर सापाच्या अंगाखाली येईल. नको.

१३ जुलै

सलग पाच दिवस झड. खोली २४.५, आर्द्रता ९१. पेटी: थंड बाजू २७.६ आणि ७६, गरम बाजू ३१.४ आणि ६१. जून महिन्यातला थर काढून नवा, जेमतेम दमट थर घातला, पाच सेंटिमीटरचाच. पाण्याचं भांडं लहान केलं आणि गरम बाजूपासून लांब सरकवलं. उबेजवळचं मोठं भांडं म्हणजे दुसरा फॉगरच.

पक्षी-सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन आणली. फुप्फुसं स्वच्छ, तोंडातला रंग चांगला, वजन १ किलो ४१०. त्यांनी एक चांगली सवय सांगितली: रात्री खोली शांत असताना कान पेटीजवळ नेऊन श्वास ऐकायचा. कात टाकायच्या आधी थोडी शिट्टी येते, ती कातीनंतर थांबली तर काळजी नाही. कातीनंतरही राहिली तर थांबायचं नाही.

मिठाची चाचणी पुन्हा. एसएचटी३१ आता ७८ दाखवतोय, फार काळ दमट हवेत राहिला की तो थोडा वर सरकतो. एक दिवस कोरड्या डब्यात ठेवून पुन्हा तपासला: ७६.

२४ ऑगस्ट

गणपतीला गावी जायचंय. मावसबहीण रोज संध्याकाळी येऊन बघणार आहे, तिच्यासाठी पेटीवर चिकटवलेला कागद इथेही उतरवून ठेवतो.

ताई, डावीकडच्या मीटरवर ३० ते ३२ आणि उजवीकडच्यावर २६ ते २८ दिसलं की काही करायचं नाही. आर्द्रता ८० च्या खाली असेल तर त्याकडेही बघू नकोस. पाण्याचं भांडं रोज धुऊन अर्धंच भर. काच उघडायची ती तेवढ्यापुरतीच, आणि बंद केल्यावर कुलूप ओढून बघ. डावा मीटर ३४ च्या वर गेला तर लाल स्विच बंद कर, मॅटचा पांढरा राहू दे, आणि मला फोन कर. वीज गेली आणि तू तिथेच असशील तरी काही करायचं नाही, रात्र असेल तरच गोधडी. खायला द्यायचं नाही, तिने मागितल्यासारखं केलं तरी. डोळे निळे दिसले तर घाबरू नकोस, मॉसचा डबा फ्रिजवर ठेवलाय, चमचाभर पाणी शिंपडून उजव्या कोपऱ्यात ठेव. फवाऱ्याची बाटली घरात नाही, शोधू नकोस.